‘सहसंबंध’ हा शब्द संख्याशास्त्रापुरता नाही

पुण्यात विज्ञानलेखांचे मराठीकरण करणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, ‘स्ट्राँगली कोरिलेटेड इन्सुलेटर’मधील (म्हणजे इलेक्ट्रॉनांचा एकमेकांवर प्रबळ प्रभाव असलेल्या, वीज न वाहणाऱ्या पदार्थातील) ‘एक्सायटेड’ इलेक्ट्रॉनांच्या ‘अल्ट्राफास्ट डायनॅमिक्स’विषयी लिहिताना ‘सहसंबंध’ हा संख्याशास्त्रातला शब्द वापरावा, की ‘परस्परावलंबन’ असे काही सोपे लिहावे. मी ‘सहसंबंधा’च्या बाजूचा आहे आणि त्याचे कारण भौतिकशास्त्रातच आहे.

प्रत्येक अणुस्थानामागे सरासरी एक इलेक्ट्रॉन असलेला स्फटिक घ्या. इलेक्ट्रॉन एकमेकांची दखलच घेत नसतील, तर एखाद्या स्थानावर ‘वर’ स्पिनचा (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनाचा ‘वर’ किंवा ‘खाली’ असा अंगभूत गुणधर्म) इलेक्ट्रॉन असण्याची संभाव्यता १/२, ‘खाली’ स्पिनचा असण्याचीही १/२ आणि दोन्ही एकत्र असण्याची या दोहोंच्या गुणाकाराइतकी, म्हणजे १/४ येते. त्यांच्यातील प्रतिकर्षण प्रबळ असले, की ही शेवटची संभाव्यता शून्याकडे झुकते आणि गुणाकाराचा हिशेब लागू पडत नाही. संख्याशास्त्रातला सहसंबंध तो हाच. ‘परस्परावलंबन’ लिहिले तर हा नेमकेपणा हरवतो. ‘स्ट्राँगली’साठी विशेषण मात्र ‘दृढ’ऐवजी ‘प्रबळ’ घ्यावे, कारण ‘दृढ’मधून न हलणारे असे काही सूचित होते.

इलेक्ट्रॉन एकमेकांपासून स्वतंत्र मानणाऱ्या ऊर्जापट्टांच्या सिद्धांतानुसार निकेल ऑक्साइड वाहक असायला हवे, पण ते तसे नाही, याकडे १९३७ मध्ये द बूर आणि व्हर्वे या डच शास्त्रज्ञांनी लक्ष वेधले. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी त्याचे कारण इलेक्ट्रॉनांमधील प्रतिकर्षणात शोधले, म्हणून अशा पदार्थांना ‘मॉट विसंवाहक’ (विसंवाहक म्हणजे इन्सुलेटर) म्हणतात. पेठेतल्या जुन्या वाड्यात प्रत्येक खोलीत एकेक बिऱ्हाड असावे आणि खोलीत दुसऱ्या बिऱ्हाडाला मज्जाव असावा, म्हणजे कोणालाच खोली बदलता येत नाही, तशी ही अवस्था आहे.

मला खरी अडचण दिसते ती ‘उत्तेजित इलेक्ट्रॉन’ या शब्दप्रयोगात. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात तो चालतो. परंतु मॉट विसंवाहकावर प्रकाश पडल्यावर इलेक्ट्रॉन शेजारच्या भरलेल्या स्थानावर ढकलला जातो आणि एक स्थान दुहेरी भरलेले, तर एक रिकामे अशी जोडी निर्माण होते. त्यांना अनुक्रमे डब्लॉन आणि होलॉन म्हणतात. म्हणून ‘इलेक्ट्रॉनांची उत्तेजित अवस्था’ असे लिहून पुढे या जोडीचे वर्णन करावे. शुद्ध सिलिकॉनमध्ये उत्तेजनाने निर्माण झालेली इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांची जोडी मायक्रोसेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ टिकू शकते, तर ताम्र ऑक्साइडांच्या काही विसंवाहक स्फटिकांत डब्लॉन-होलॉनची जोडी पिकोसेकंदाच्याही आत विलीन होते, कारण तिची ऊर्जा सभोवतालच्या स्पिनांना झपाट्याने देता येते.

पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या अवधीतला बदल टिपण्यासाठी लेसरच्या एका स्पंदाने पदार्थ उत्तेजित करतात आणि किंचित उशिरा सोडलेल्या दुसऱ्या स्पंदाने त्याची अवस्था तपासतात. ‘अल्ट्राफास्ट’ हे विशेषण या अल्प अवधीला उद्देशून आहे, इलेक्ट्रॉनाच्या वेगाला नव्हे; त्यामुळे ‘अतिवेगवान’ टाळून ‘अतिशीघ्र’ लिहावे. त्यापुढे ‘डायनॅमिक्स’साठी ‘गतिकी’ हाच शब्द हवा. ‘गतिशीलता’ (मोबिलिटी) ही विद्युतक्षेत्रात वाहक कण किती सहज सरकतो हे सांगणारी वेगळी राशी आहे.