डिझेल इंजिनांची नावे वाचताना

मिरज स्थानकावर वही घेऊन उभे राहून रेल्वे इंजिनांची नावे टिपण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. सुरुवातीला फक्त पहिली तीन अक्षरे पक्की करा: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, आणि तिसरे अक्षर कामाचे, म्हणजे पी प्रवासी, जी मालवाहू, एम मिश्र.

नवख्यांची चूक बहुधा शेवटच्या अक्षरात होते. डब्ल्यूडीएम-३ए या नावातून ३१०० अश्वशक्ती कळते (३ म्हणजे तीन हजार, ए म्हणजे वरचे शंभर; याच क्रमाने डी म्हणजे चारशे), म्हणून डब्ल्यूडीपी-४डी हे ४४०० चे असणार असा हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात ते ४५०० अश्वशक्तीचे असून तेथील डी हे अक्षर दोन्ही टोकांना चालककक्ष असल्याचे सांगते, तर डब्ल्यूडीपी-४बी ला तो एकाच टोकाला असतो. केवळ रंगावरून प्रकार ठरवू नका. इंजिनावर लिहिलेले नावच वाचा. चाकांच्या रचनेकडे नंतर वळू.