वाडीत टँकर येतो, ते लिही ना अर्जात!

मागच्या अंकात ग्रॅज्युएशननंतरच्या शिक्षणाबद्दल प्रश्न मागवले होते, तर बरीचशी पत्रं सस्टेनेबल डेव्हलपमेंटवरच (शाश्वत विकास, म्हणजे पर्यावरण सांभाळून विकास) आली आणि तीही रत्नागिरी-सिंधुदुर्गातून जास्त. त्यातली तीन घेतलीयत. नावं छापत नाहीये.

प्रश्न: ताई, मी बी.एस्सी. बॉटनी थर्ड इयरला आहे. सस्टेनेबल डेव्हलपमेंटमध्ये मास्टर्स करायचंय. कुठे अप्लाय करू, एंट्रन्स असते का? एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारा अर्जासोबतचा मजकूर) लिहायला घेतलाय पण एका ओळीवरच अडकलेय, ती अशी: "निसर्गरम्य कोकणच्या कुशीत वाढल्यामुळे मला लहानपणापासूनच पर्यावरणाची ओढ आहे." बाकी सविस्तर नंतर लिहीन, आमच्या वाडीत टँकर सुरू झालाय आणि पाणी भरायला आई एकटीच आहे म्हणून घरी चाललेय. (एक विद्यार्थिनी, राजापूर तालुका)

उत्तर: अगं, ती ओळ आधी खोड. कोकणातून अर्ज करणारा दर दुसरा मुलगा हेच लिहितो, आणि निवड करणाऱ्यांना ती वाचून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. तुझा एसओपी तू शेवटच्या ओळीत लिहून मोकळी झालीयस की! जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे एप्रिलमध्ये टँकर का येतो? हा प्रश्न घेऊन बस. उत्तराचा एक भाग जमिनीत आहे, म्हणजे वर कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, सह्याद्री ते समुद्र अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, त्यामुळे पाणी थांबतच नाही, पऱ्यातून (ओढ्यातून) नदीत आणि नदीतून खाडीत. हे तू बॉटनीवाली आहेस तर सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) झाडोऱ्यासकट सांगू शकतेस. पण दुसरा भाग माणसांचा आहे आणि हे कोर्स मुख्यतः त्याबद्दलच असतात. बाव (विहीर) कोणाच्या जागेत आहे? नळपाणी योजना झाली होती तर पंपाचं बिल कोण भरतं, का थकलं? दिवाळीच्या आसपास पोत्यांचे वनराई बंधारे घालतात ते तुमच्याकडे घातले का, आणि घातले तर श्रमदानाला कोण होतं, मुंबईला गेलेल्या घरांच्या वाटणीचं काम कोणी केलं? टँकर आला की पहिली कळशी कुठल्या घराची भरते? शेजारी चिरेखाण (जांभ्या दगडाची खाण) असेल तर तिच्याबद्दल पण लिही, पण "खाणीमुळे विहीर आटली" असं मोजल्याशिवाय ठोकून देऊ नकोस. विहिरीत दोरी सोडून दर आठवड्याला पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहायला आजपासून सुरुवात कर, जूनपर्यंत तुझ्याकडे असा डेटा असेल जो बऱ्याच अर्जदारांकडे नसतो.

आता कुठे ते. मुंबईत टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हॅबिटाट स्टडीजमधला क्लायमेट चेंज आणि सस्टेनेबिलिटीचा कोर्स बघ, आणि त्यांचा तुळजापूर कॅम्पसही बघ, तिथे ग्रामीण उपजीविका आणि नैसर्गिक संसाधनं यावर भर आहे, मुलं उगाच मुंबईच्या नावाला भुलून तिकडे बघतच नाहीत. टिसला सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची एंट्रन्स लागते, तिचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत येतात आणि परीक्षा मार्चमध्ये, म्हणजे ऐन थर्ड इयरच्या गडबडीत. शिवाय टिसच्या साइटवर वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, नुसती सीयूईटी देऊन गप्प बसू नकोस. दिल्लीत टेरी स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीजमध्ये एम.ए. सस्टेनेबल डेव्हलपमेंट प्रॅक्टिस आहे. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटीत एम.ए. डेव्हलपमेंट, त्यांची एंट्रन्स वेगळी आणि घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीमध्ये चांगली सूट मिळते, तेव्हा फीचा आकडा बघून घाबरून फॉर्म सोडू नकोस. आयआयटी मुंबईचं सितारा (सीटीएआरए) हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं सेंटरही मस्त आहे पण तिथला एम.टेक. गेट ही इंजिनिअरिंगची एंट्रन्स देणाऱ्यांसाठी, तुझ्या इंजिनिअर मैत्रिणीला सांग.

इंटरव्ह्यूत कोकणची म्हटल्यावर गाडगीळ समिती आणि रिफायनरी हमखास निघणार. पश्चिम घाटाच्या पर्यावरणावरचा माधव गाडगीळांच्या समितीचा अहवाल २०११ चा, त्यांनी अख्खा पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन झोन केले आणि निर्णयात ग्रामसभेला मोठी जागा दिली. त्याचा फेरविचार करणाऱ्या कस्तुरीरंगन गटाचा अहवाल २०१३ चा, त्यांनी ते क्षेत्र साधारण ३७ टक्क्यांवर आणलं. एवढा फरक तरी यायला हवा. आणि बारसूच्या रिफायनरी प्रकल्पाबद्दल विचारलं तर घोषणा देऊ नकोस, कुठल्याच बाजूची. सड्यावरची कातळशिल्पं, आंब्याच्या बागा, आणि रोजगार नाही म्हणून नालासोपाऱ्याला दहा बाय दहात राहणारा चुलतभाऊ, हे तिन्ही एका उत्तरात आलं पाहिजे. माझं स्वतःचं मत आहे त्या रिफायनरीबद्दल, पण ते इथे नको, संपादक रागावतील.

प्रश्न: मुलगा बी.कॉम. झाला. आमची होडी आहे, पारंपरिक मासेमारी. तो म्हणतो दिल्लीला जाऊन हा सस्टेनेबलचा कोर्स करणार. यातून नोकरी लागते काय? मेहुणे म्हणतात एवढं करायचं तर लोन काढून परदेशातच पाठवा. (एक पालक, मालवण)

उत्तर: काका, नोकरी लागते, पण बँकेसारखी नाही, म्हणजे एक परीक्षा दिली आणि चिकटला असं होत नाही. बी.कॉम. असल्याचा इथे फायदाच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर (सामाजिक कामांवर) खर्च करावे लागतात, आणि शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा रिपोर्ट देणं बंधनकारक केलंय. हे रिपोर्ट लिहायला हिशोब कळणारी माणसं लागतात. संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो, हे आत्ताच मनात धरून ठेवा. आपल्या सिंधुदुर्गातही कामं झालीयत, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवन सफारी चालवतात, ते एकदा दोघं जाऊन बघून या, त्याला विचारू दे की बोटीची दुरुस्ती निघाली तर पैसे कुठून येतात, पावसाळ्यात काय करता. कोर्समध्ये हेच शिकायचंय.

मेहुण्यांचं मात्र आत्ताच ऐकू नका. लोन काढून लगेच परदेशी जायची गरजच नाही कारण चांगल्या स्कॉलरशिपा अनुभव मागतात. ब्रिटनच्या चीव्हनिंगला दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो, जर्मनीच्या डाड (डीएएडी) या स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थेच्या डेव्हलपमेंटवाल्या कोर्सेसनाही दोन वर्षं. युरोपियन युनियनच्या इरास्मस मुंडसमध्ये अनुभवाची सरसकट अट नाही, निवड झाली तर फी माफ आणि महिन्याला १४०० युरो, पण चुरस जबरदस्त. स्वीडनला एकाच फॉर्मवर चार कोर्स भरता येतात, फॉर्मची फी ९०० क्रोनर आणि मुदत जानेवारीच्या मध्यापर्यंत. तेव्हा आधी इथे शिकू दे, दोन वर्षं काम करू दे, मग तो स्वतःच अर्ज करेल. होडी गहाण टाकू नका एवढंच.

प्रश्न: मी गेल्या वर्षी ॲडमिशन घेतली, मोठ्या शहरात. वर्गात सगळे फाडफाड इंग्रजी, चाळीस पानांचे पेपर वाचून यायचं, आणि सर लोक तर विकास या गोष्टीवरच टीका करतात, मग आपण शिकतोय काय असं होतं. डिझर्टेशनला हर्णैच्या मच्छीमारांवर काम करायचं म्हणतोय. आपल्याच भागात करावं का? (एक विद्यार्थी, मूळ दापोली)

उत्तर: अरे, पेपर सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणीच वाचत नाही, फाडफाडवाले पण नाही. ॲबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश), मग शेवट, मग पद्धत, आणि नंतरच मधलं लागेल तसं. मराठीत दोन ओळी लिहून ठेव की लेखक म्हणतोय काय, वर्गात बोलायला तेवढं पुरतं. टीकेचं म्हणशील तर ती तुला लवकरच पटेल, आणि मग तू काही दिवस सगळ्यांवर टीका करत सुटशील, तेही जाईल. त्यापेक्षा क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर शिकून घे, फुकट आहे, आणि स्टॅटिस्टिक्सचा तास बुडवू नकोस.

हर्णै जरूर कर. पण कॉलेजात बनवलेली प्रश्नावली घेऊन जाशील तर पहिल्याच प्रश्नाला आपटशील, "मासिक उत्पन्न किती?" तांडेल (बोटीचा प्रमुख) तुझ्याकडे बघत राहील. बोट आली, लिलाव झाला, त्यातून डिझेल-बर्फाचा खर्च वजा झाला आणि उरलेल्याचे वाटे पडले, मालकाचा वेगळा, तांडेलाचा वेगळा, खलाशाचा वेगळा. कधी वाटाच नाही. वर जून-जुलै मासेमारी बंद. त्याला महिन्याचा आकडा विचारलास तर तुला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगेल आणि तू तो एक्सेलमध्ये टाकशील. त्यापेक्षा "मागच्या फेरीत काय मिळालं, किती जणांत वाटलं" असं विचार. आणि लिलावात नुसत्या बोटवाल्यांशी बोलून परत येऊ नकोस, टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडे भावाचा खरा हिशोब असतो, फक्त सकाळच्या धंद्यात त्यांना अडवू नकोस, शिव्या खाशील.

आपला भाग असल्यामुळे लोक बोलतील, पण तू अमक्याचा मुलगा म्हणून काही गोष्टी मुद्दाम लपवतील, एलईडी दिव्यांच्या आणि पर्ससीन जाळ्यांच्या वादग्रस्त मासेमारीचा विषय निघाला की तर नक्कीच, कारण तू कोणाच्या बाजूचा ते त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. म्हणून तुझं गाव सोडून शेजारच्या पाजपंढरीतही काही मुलाखती घे. आणि मे महिन्यात जाऊ नकोस, सगळे लग्नांत, आंब्यात आणि सीझनच्या शेवटच्या फेऱ्यांत असतात. बंदीच्या दिवसांत माणूस जाळी दुरुस्त करत निवांत बसलेला असतो, तेव्हा बोलतो. कॉलेजचं कॅलेंडर बहुतेक मे महिनाच देतं, त्यामुळे गाईडशी हे आत्ताच बोलून तारखा बदलून घे.