प्रोटीन कमी पडलं म्हणून कॅन्सर झाला का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सासूबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. विषाणूमुळं पेशीतलं एक प्रोटीन नष्ट होतं नि गाठ वाढते, असं डॉक्टर म्हणाले. मग डाळ-अंडी वाढवली तर फरक पडेल का? आणि हा रोग मला लागेल का?
– एक अंगणवाडी सेविका, कळंब

उत्तर : डाळ-अंडी द्याच, शेकाच्या (रेडिएशनच्या) दिवसांत अंगात ताकद हवी. पण डॉक्टर म्हणाले ते प्रोटीन ताटातलं नव्हे. त्याचं नाव पी-५३. पेशीच्या डीएनएत बिघाड झाला की ते साचतं आणि पेशीचं विभाजन थांबवतं. बिघाड दुरुस्त होण्यासारखा नसेल तर पेशीला मरायला लावतं.

नको असलेल्या प्रोटीनवर पेशी युबिक्विटिन नावाची खूण चिकटवते, मोंढ्यात पोत्यावर मार्का मारतात तशी. खूण पडली की प्रोटिआसोम हे पेशीतलं यंत्र त्या प्रोटीनचे तुकडे करतं. (या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) डॉक्टर म्हणाले तो विषाणू म्हणजे एचपीव्ही; त्याचे १६ आणि १८ हे प्रकार इथंच डाव साधतात. त्यांचं ई-६ प्रोटीन पेशीच्याच एका एन्झाइमला हाताशी धरून धडधाकट पी-५३ वर खूण मारून घेतं. तिकडं विषाणूचंच ई-७ हे प्रोटीन विभाजनाला लगाम घालणाऱ्या पेशीतल्या आरबी प्रोटीनला निकामी करतं. आरबीनं अडवून धरलेले ई-२-एफ घटक मोकळे सुटतात आणि ‘विभाजन सुरू करा’ हा संदेश चालूच राहतो. बिघडलेली पेशी वाढत जाते, तिला मारणारं कुणी उरत नाही. याला वर्षानुवर्षं लागतात. बहुतेक बायकांच्या शरीरातून विषाणू त्याआधीच आपोआप जातो.

सासूबाईंच्या सेवेतून, ताट-कपड्यांतून तुम्हाला काही लागणार नाही. विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि फार सर्रास आढळतो, म्हणून कुणाच्या चारित्र्याची चर्चा घरात होऊ देऊ नका.

तुमचं वय तीसच्या पुढं असेल तर मात्र स्वतःची एचपीव्ही तपासणी करून घ्या. तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. २००९ साली निकाल छापून आला : ज्या गावांत एकदाच ही तपासणी केली, तिथं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरचे डॉक्टर हा दाखला देतात आणि आपल्याकडं बायका अंगावरचं पांढरं जाणंसुद्धा सांगत नाहीत, याचा मला राग येतो. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या एचपीव्ही लशीचंही त्याच फेरीत विचारून या.