दोघांचंही काम 'आत्ताच्या आत्ता'!

ताई, मला दोन साहेब आहेत आणि दोघांनाही सगळं तातडीनं हवं असतं. रोज सकाळी पंधरा कामांची यादी करते, संध्याकाळपर्यंत जेमतेम चार उरकतात. बाकीची रात्री घरी करते. मी एवढी संथ आहे का?
– दमलेली

दमलेल्या मैत्रिणीस,

संथपणाचा निकाल इतक्यात लावू नका. तुमच्या यादीत कामं आहेत, वेळ कुठेच नाही. प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहा आणि बेरीज करा. आठ तासांच्या दिवसात बारा तास कोंबलेले सापडले तर नवल नाही. त्यात आपले अंदाज नेहमी तोकडे पडतात. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या खोडीवर बोट ठेवलं होतं. म्हणून 'किती लागेल' असं न विचारता 'मागच्या वेळी किती लागला' ते बघा.

त्यासाठी पाच दिवस नोंद ठेवा. काम बदललं की लगेच वेळ टिपायची. फोन आणि 'जरा दोन मिनिटं' म्हणत येणारी मंडळीसुद्धा. संध्याकाळी आठवून लिहाल तर नेमके हेच व्यत्यय गळतील. मग आठातले पाचच तास ठरलेल्या कामांना द्या. उरलेले तीन ऐनवेळची कामं खातातच.

आता साहेब. क्रम तुम्ही मनातल्या मनात लावताय, तिथेच गाडं अडतंय. 'आधी कुणाचं करू?' असं विचारलंत तर दोघंही 'माझं' म्हणणार. त्यापेक्षा दोघांना एकाच मेलमध्ये कळवा: 'अहवालाला चार तास, सादरीकरणाला तीन. आज दोन्ही होणार नाही. अहवाल आज पाचला, सादरीकरण उद्या दुपारी दोनला देते. क्रम बदलायचा असेल तर कृपया अकराच्या आत कळवा.' आता तंटा त्यांचा आपसातला. कुणी 'अर्जंट' म्हणालं की इतकंच विचारा: नेमकं किती वाजता हवं, आणि उशीर झाला तर कुणाचं काय अडेल? बरीचशी घाई इथेच उतरते.

जड काम सकाळच्या पहिल्या दीड तासात, मेल बंद ठेवून.

आणि ते रात्रीचं काम. त्याचे तासही त्याच वहीत लिहा आणि आठवड्याच्या शेवटी दोघांना दाखवा. सध्या त्यांना सगळं वेळेत मिळतंय. काम जास्त आहे हे त्यांना कळणार तरी कसं?