छातीवर बसणारा आणि विहिरीवर बसलेला

‘ताई, बाप्तिस्मा घेतला, उपास केले, घराच्या चारी कोपऱ्यांत प्रार्थना केली, तरी त्रास जात नाही. माझ्या विश्वासातच खोट आहे का?’

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, चर्चच्या मंडळीने दिलेल्या खोलीत मी समुपदेशनाला बसते. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की शेवटी लिहायचं ठरवलं. नावं वेगवेगळी असतात. म्हातारी माणसं करणी म्हणतात, बायका ‘बाहेरचं’ म्हणतात, आणि मोबाइलवर प्रवचनं ऐकणारी पोरं ‘आत्मिक हल्ला’ म्हणतात. कापूस घरी आला आणि हरभरा-गहू वावरात उभा राहिला की अशी माणसं जास्त येतात. त्याचं कारण पुढे येईलच.

एका शेतकऱ्याची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला त्याची बायको घेऊन आली होती. तो स्वतः मान खाली घालून बसला होता.

‘मले रात्री कोनी तरी दाबते जी. डोये उघडे रायतात, सारं दिसते, पन हात हालत नाही, आवाज निघत नाही. दाराशी काळं उभं रायते. मनातल्या मनात येशूचं नाव घेतो, तरी हालत नाही.’

बायको म्हणाली, ‘मंग हे उठतात अन् पहाटपावतर सैतानाले दटावत बसतात. मोठमोठ्यानं. पोरं भेतात, ताई.’

प्रार्थना गटाने त्याच्यावर हात ठेवले होते. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. गटातला कोणीतरी सहज बोलून गेला की विश्वास पक्का असता तर परत आलं नसतं. माझ्या अनुभवात रात्रीच्या त्या काळ्या आकृतीपेक्षा हे एक वाक्य माणसाला जास्त पोखरतं. भीती रात्रीपुरती असते, अपराधीपणा दिवसाही सोबत फिरतो.

आणि हे सगळं कोणी केलं, तेही त्याने ठरवलेलं होतं. ‘मोठ्या वहिनीनं. धुऱ्यावर लिंबू भेटलं, हयद-कुकू लावलेलं.’ धुरा म्हणजे वावराचा बांध.

मी काय मानते ते आधीच सांगते. सैतान ही कल्पना आहे असं मी म्हणत नाही. शुभवर्तमानावर विश्वास ठेवून ते म्हणता येणार नाही. पण माणसाला शरीर आहे, त्याला झोप लागते, भूक लागते, हेही त्याच देवाने केलेलं आहे. बायबलमधला संदेष्टा एलीया रानात मरण मागत झुडुपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याच्यातून काही हाकललं नाही. त्याला भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. त्यामुळे कोणी बाधेचं सांगू लागलं की मी आधी झोपेची चौकशी करते. काही पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, हे अविश्वासाचं वाटायचं. आता तेच पाळक माणसं माझ्याकडे पाठवतात.

त्याला विचारलं, झोप कधी होते? तो गोंधळला. हरभऱ्याला ओलीत, म्हणजे पाणी देणं, चालू होतं; लाईन, म्हणजे मोटारीची वीज, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची असली की बारा वाजता टॉर्च घेऊन वावरात, मोटार चालू करून पाण्याचे दांड बदलत पहाट. घरी येऊन तासभर पडायचं, मग गोठा. बाकीच्या रात्री सैतानाशी झुंज. मी बायकोला एकच काम दिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रात्रीच्या लाईनला एक फुली आणि दाबल्याच्या दिवशी एक गोल.

पुढच्या खेपेला कॅलेंडरचं पानच फाडून आणलं होतं. फुल्यांच्या मागे मागे गोल. त्याने ते पान बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, ‘म्हंजे सैतान बी लाईनच्या टाईमटेबलनं येते का?’

तिघंही हसलो. इतक्या दिवसांत तो हसल्याचं बायकोने पहिल्यांदा पाहिलं होतं.

मग त्याला समजावून सांगितलं. स्वप्न पडतं त्या झोपेत मेंदू हातपाय सैल करून ठेवतो, म्हणजे स्वप्नात धावलो तरी खाटेवरून पडत नाही. कधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागे राहतं. डोळे उघडतात, हात हलत नाही, छातीवर ओझं वाटतं, खोलीत कोणीतरी आहे असं वाटतं. डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. काही सेकंद, फार तर काही मिनिटं टिकतं आणि आपोआप सुटतं. श्वास चालूच असतो. झोप मोडलेल्या माणसाला, उताणं झोपणाऱ्याला हे जास्त होतं. जागरण करून त्याच्याशी लढायला गेलं की दुसऱ्या रात्रीची सोय आपणच करून ठेवतो.

उपाय साधे होते. कुशीवर झोपायचं. रात्रीच्या लाईननंतर सकाळी पडदा ओढून पुरती झोप घ्यायची, गोठा त्या दिवशी पोराकडे. दाबल्यासारखं झालं तर धडपड करायची नाही, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करायचा आणि मनात इतकंच म्हणायचं: प्रभू, मी तुझा आहे.

‘दटावू नको?’ त्याला ते पटेना. ‘आपल्याले अधिकार देला नं सैतानावर?’

दिला आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने पाठवलेले सत्तर जण आनंदाने परत येतात, भुतंही आम्हाला वश होतात म्हणतात. येशू अधिकार नाकारत नाही, पण म्हणतो, आनंद त्याचा मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. मी त्याला विचारलं, ‘भाऊ, सातबाऱ्यावर तुमचं नाव चढलं. आता रोज रात्री धुऱ्यावर उभं राहून हे वावर माझं असं ओरडता का?’ तो नाही म्हणाला. वादळात नावेत उशाला उशी घेऊन झोपलेला येशू अधिकार नसल्यामुळे झोपला नव्हता.

नाव घेण्याचा मंत्र करू नये, हेही पवित्र शास्त्रच शिकवतं. इफिस शहरात स्किवा नावाच्या यहुदी याजकाचे सात मुलगे येशूचं नाव ऐकीव वापरून भूत काढायला गेले. प्रेषित पौल तेव्हा त्याच शहरात शिकवत होता. भुताने विचारलं, येशू माहीत आहे, पौल माहीत आहे, तुम्ही कोण? आणि ते उघडे, जखमी होऊन पळाले. त्याच शहरात लोकांनी जादूटोण्याची पुस्तकं आणून जाळली, किंमत 50,000 चांदीची नाणी. करणीला भिणाऱ्या अशा गावाला लिहिलेलं पत्र म्हणून पौलाचं इफिसकरांस पत्र वाचा, वेगळं वाचाल. सैतानाशी लढायला त्यात सांगितलेल्या शस्त्रसामग्रीत कंबरपट्टा, उरस्त्राण, जोडे, ढाल, शिरस्त्राण, सगळं अंग सांभाळण्याचं. मारण्याचं शस्त्र एकच, देवाचं वचन. आणि लिहिणारा पौल स्वतः साखळीत होता. अधिकार म्हणजे त्रास येणारच नाही असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही.

‘मंग सैतान नाहीच म्हनता का तुमी?’ त्याने शेवटी विचारलंच.

मी त्याच पत्राचा चौथा अध्याय काढून दिला. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, सैतानाला जागा देऊ नका. त्याने बोट ठेवून दोनदा वाचलं.

‘हे कोनाले लिहिलं? करनी करनाऱ्याले?’

‘तुम्हीच सांगा.’

‘...मंडळीले.’

बायको त्याच्याकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने तो विहिरीचं बोलला. वाटणीत वावर दोन झाले, विहीर सामाईक राहिली. रात्रीच्या लाईनला पाणी कोणाचं, यावरून भावाशी वाजलं. चार पावसाळे झाले, बोलणं बंद.

‘म्हंजे मी रातभर दारात पायत होतो, अन् सैतान विहिरीवर बसला व्हता.’

हे मी सांगितलं असतं तर प्रवचन झालं असतं. तो स्वतः म्हणाला. मी फक्त सहाव्या अध्यायातलं एक वाक्य जोडलं: आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही. वहिनी रक्तमांसाची आहे. लिंबू कोणी टाकलं ते आजही कोणाला माहीत नाही, आणि त्याची गरजही नाही.

इथे कायद्याचंही सांगते. महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखादी व्यक्ती करणी करते असं लोकांत पसरवणं हाच गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हेही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. प्रार्थनेला कोणाची हरकत नाही. प्रार्थना करताना माणसाला मारलं किंवा त्याची गोळी बंद केली तर आहे. लूक स्वतः वैद्य होता, आणि पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, विश्वास वाढव असं नाही.

जागेपणी आवाज ऐकू येत असतील, झटके येत असतील, कित्येक रात्री डोळा लागत नसेल, जीव नकोसा झाला असेल, तर प्रार्थना चालू ठेवून जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांच्या डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.

त्याला लगेच जाऊन वहिनीची माफी मागायची होती. मी थांबवलं. ‘तुमच्यावर करणीचा संशय घेतला होता’ असं दारात जाऊन सांगितलं तर चार पावसाळ्यांचे आठ होतील. आधी पाण्याचं मिटवा. त्याने भावाला निरोप धाडला की रात्रीच्या लाईनचे पहिले दिवस तुझे. भावाने उत्तर दिलं नाही, पण त्या दिवसांत मोटार त्याने लावली. नंतर पाळ्या कागदावर लिहून मोटारीच्या पेटीत चिकटवल्या. वहिनी अजून बोलत नाही. कधीमधी दाबतंही. मग तो कूस बदलतो आणि झोपतो, असं बायको सांगते. त्यांच्या मंडळीने रात्रभराची उपास-प्रार्थना आता हरभरा निघेपर्यंत रविवारी दुपारी ठेवली आहे.