तलावपाळीचा गोळा आणि मोडलेलं बिस्कीट

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. संध्याकाळी सासरे त्याला तलावपाळीवर नेतात. गोळा किंवा कुल्फी मिळेपर्यंत तो तिथून हलत नाही, सरळ फतकल मारतो. मी सोबत असले की आधी 'नाही' म्हणते, पण लोक बघायला लागले की घेऊन देते. हे खाणं पूर्ण बंद करावं का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : खाणं बंद करू नका. 'नाही' म्हणून मग देणं तेवढं बंद करा. चारदा नाही आणि आवाज चढल्यावर पाचव्यांदा हो, यातून तो एवढंच शिकतो की रडणं जरा लांबवावं लागतं. गंमत म्हणजे ठरल्याप्रमाणे मिळणाऱ्या गोष्टीचा हट्ट लवकर निवळतो, कधी मिळते कधी नाही अशीचा चिवट होतो.

निर्णय घरातच घ्या. आठवड्यातले दोन वार ठरवा, समजा बुधवार आणि रविवार. या वयाला 'परवा' कळत नाही, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखांना लाल गोल करा आणि रोज झोपताना त्यालाच त्या दिवशीची तारीख खोडू द्या. ठरलेल्या दिवशी त्यानं मागताक्षणी घेऊन द्या. 'शहाण्यासारखं वागलास तर' ही अट नको. बक्षीस केलं की कुल्फीचा भाव आणखी वाढतो. बाकीच्या दिवशी चपला घालतानाच सांगा, "आज कुल्फी नाही, आज बोटी बघायच्या." पिशवीत केळं असू द्या. निम्मा हट्ट भुकेचा असतो.

तरी तो बसलाच, तर वाहनांपासून बाजूला उचलून न्या, त्याच्या उंचीला वाका आणि एकदाच म्हणा, "तुला हवी होती, आज नाही, राग आलाय तुला." मग गप्प. समजावत राहिलं की वाटाघाटी सुरू आहेत असं त्याला वाटतं. पहिले चार-पाच दिवस रडणं आधीपेक्षा वाढेल. बहुतेक घरं इथेच ढेपाळतात, आणि मग मुलाला नवा, वरचा सूर सापडतो.

सासऱ्यांना 'देऊ नका' म्हणू नका. बुधवारची कुल्फी आजोबांच्याच हातून मिळेल असं ठरवा. देण्याचा आनंद त्यांचा राहिला की चोरून देणं कमी होतं.

प्रमाणाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मिळावी. दिवसाला साधारण १२०० कॅलरी धरल्या तर ही मर्यादा ३० ग्रॅम, म्हणजे साधारण सहा-सात सपाट चहाचे चमचे येते. दुधात वरून घातलेली साखरही त्यातच मोजा. गोळ्यावर पुन्हा पुन्हा सरबत ओतून घेतलं की हिशेब तिथेच फिसकटतो. शिवाय बर्फ कुठल्या पाण्याचा हे कळत नाही, म्हणून आमचा कौल बंद वेष्टनातल्या छोट्या कुल्फीला. तिच्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की किंवा कडक गोळ्या मात्र नकोत. चार वर्षांच्या आत त्या श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची. बिस्कीट मोडलं की "जोडून दे" म्हणून आकांत करते. दुसरं दिलं की शांत. आम्ही फाजील लाड करतोय का? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : नाही. आख्खं बिस्कीट आणि त्याचे दोन तुकडे या तिच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. देण्याआधी "आख्खं की तुकडे?" एवढं विचारा. तुकडे करायचे असतील तर तिलाच करू द्या. स्वतःच्या हातानं मोडलेलं बहुतेक वेळा चालतं. आपोआप मोडलं आणि दुसरं द्यायचं असेल, तर रडणं सुरू व्हायच्या आत द्या. द्यायचं नसेल तर "मोडलं गं" म्हणा आणि तुकडे बशीत तसेच ठेवा. पाच-दहा मिनिटांनी ती बऱ्याचदा आपणहून उचलते, त्यामुळे आवरण्याच्या घाईत ते स्वतःच्या तोंडात टाकू नका.