लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर कडा कापल्या जात असतील तर रिझोल्यूशन कमी करावे का?

आपण विचारले आहे की लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडल्यावर चारही कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धाच दिसतो, अक्षरे धूसर वाटतात आणि एका जाणकाराने रिझोल्यूशन (चित्रातील पिक्सेल म्हणजे ठिपक्यांची आडवी × उभी संख्या) कमी करण्याचा सल्ला दिला आहे, तर तो मानावा का? मानू नये. हाच सल्ला देणाऱ्या एका गृहस्थांशी माझा जुना वाद आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

कडा टीव्ही कापतो, लॅपटॉप कापत नाही. या प्रकाराला ओव्हरस्कॅन म्हणतात. चित्रनळीच्या जुन्या टीव्हीत विजेचा दाब कमीजास्त झाला किंवा आतले भाग जुने झाले की चित्राचा आकार बदलत असे, म्हणून चित्र मुद्दामच चौकटीबाहेर थोडे पसरवले जाई आणि कार्यक्रम तयार करणारेही महत्त्वाचा मजकूर कडेपासून दूर ठेवत. सपाट पॅनेलमध्ये प्रत्येक पिक्सेलची जागा ठरलेली असते, तेव्हा या सवयीला आता काहीही आधार नाही. तरीही कित्येक टीव्ही १९२० × १०८० चे चित्र आले की ते प्रसारणाचेच आहे असे धरून मोठे करतात. प्रत्येक बाजूने फक्त अडीच टक्के कापले, तरी १०८० पैकी वरच्या २७ आणि खालच्या २७ ओळी जातात आणि उरलेल्या १०२६ ओळी पुन्हा १०८० मध्ये ताणल्या जातात. आपली अक्षरे धूसर होतात ती या ताणण्यामुळेच. दोन तक्रारींचे मूळ एकच आहे.

उपाय रिमोटमध्ये आहे. चित्राच्या सेटिंगमध्ये आकाराचा किंवा गुणोत्तराचा जो विभाग असतो, तेथे एलजीच्या टीव्हीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, सोनीवर ‘फुल पिक्सेल’ आणि शार्पवर ‘डॉट बाय डॉट’ अशा नावांचा पर्याय सापडतो. काही टीव्हींवर ज्या एचडीएमआय इनपुटला लॅपटॉप जोडला आहे त्याचे नाव बदलून ‘पीसी’ ठेवले, की टीव्ही कडा कापणे थांबवतो आणि रंगांचा तपशीलही पूर्ण दाखवू लागतो, ज्याने रंगीत अक्षरांच्या कडांवरचा लगदा जातो.

आता तो वाद. आमच्या कार्यालयात बैठकीच्या खोलीत प्रोजेक्टर काढून मोठा टीव्ही बसवला गेला, त्यानंतरच्या पहिल्याच तिमाही बैठकीत खर्चाचा तक्ता मी मांडणार होतो. तक्त्याची शेवटची ओळ एकूण बेरजेची होती आणि ती स्लाइडच्या अगदी तळाशी होती. तक्ता पडद्यावर आला तो त्या ओळीशिवाय. वरिष्ठांनी सर्वांसमोर विचारले, “बेरीज करायची राहिली का?” मी लॅपटॉपकडे बोट दाखवत होतो, तेथे बेरीज ठळक दिसत होती, पण लॅपटॉप माझ्याकडे वळलेला आणि टीव्ही सर्वांकडे वळलेला. तेवढ्यात संगणकांची देखभाल पाहणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी उठले, ज्यांचा शब्द या विषयात अखेरचा मानला जात असे, आणि त्यांनी रिझोल्यूशन १०२४ × ७६८ केले. बेरीज दिसू लागली. त्याबरोबर पाय चार्ट लंबगोल झाला आणि तक्त्यातील आकडे असे फुगले की ३ आहे की ८ हे मागच्या खुर्च्यांवरून कळेना, पण त्याची वाच्यता कोणी केली नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या चौकटीवर सूचना चिकटली: ‘लॅपटॉप जोडण्यापूर्वी रिझोल्यूशन १०२४ × ७६८ करावे.’

खोली रिकामी झाल्यावर मी रिमोट घेऊन बसलो, चित्राच्या आकाराचा पर्याय बदलला, रिझोल्यूशन पुन्हा १९२० × १०८० केले आणि त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना बोलावून चारही कडा दाखवल्या. त्यांचे उत्तर असे की, “साहेब, आज चालले, उद्या रिमोट कोणी हाताळला तर? आमची पद्धत कायम चालते.” सूचना तशीच राहिली.

त्यांची पद्धत का ‘चालते’ हे कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगतो. १९२० × १०८० आणि १२८० × ७२० ही प्रसारणाची मापे आहेत; १०२४ × ७६८ हे केवळ संगणकाचे माप आहे. अनेक टीव्ही संगणकी माप ओळखतात आणि तेवढ्यापुरते ओव्हरस्कॅन बंद ठेवतात. तसे करत असल्याचे संगणकाला कळवण्याची सोय टीव्हीने पाठवायच्या ईडीआयडी माहितीतही (ज्यातून टीव्ही आपली मापे व क्षमता संगणकाला सांगतो) आहे. म्हणजे कडा परत आल्या त्या चित्र लहान केल्यामुळे नव्हे, तर टीव्हीने त्याला संगणकाचे चित्र मानल्यामुळे. पडताळा सोपा आहे: रिझोल्यूशन हेच कारण असते तर १२८० × ७२० वरही कडा यायला हव्यात, पण अशा टीव्हीवर त्या कापलेल्याच राहतात. आणि या उपायाची किंमत अशी, की पॅनेलच्या सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेलऐवजी आपण सुमारे ७ लाख ८६ हजार पिक्सेलचे चित्र पाठवतो आणि उरलेले टीव्हीला अंदाजाने भरायला लावतो. रोग रिमोटचा आणि औषध लॅपटॉपला, असा हा प्रकार आहे.

त्याच गटातील दुसरा लाडका सल्ला म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरमधून, म्हणजे संगणकाचे चित्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चित्र आकसवणे. एएमडीच्या सेटिंगमध्ये ‘एचडीएमआय स्केलिंग’ची पट्टी असते, एन्व्हिडियात डेस्कटॉपचा आकार बदलण्याची सोय असते, मॅकवर ‘अंडरस्कॅन’ असते. यात संगणक चित्र लहान करतो आणि टीव्ही ते पुन्हा मोठे करतो. दोनदा ताणलेली अक्षरे स्वच्छ दिसतील ही अपेक्षाच चुकीची आहे. रिमोटमध्ये पर्यायच नसेल तर मात्र नाइलाजाने हेच करावे. उलट, टीव्ही सर्व कडा दाखवत असूनही भोवती काळी पट्टी राहत असेल, तर स्केलिंगची ही सरकपट्टी शून्यावर आणावी.

अक्षरे बारीक दिसणे हा वेगळा प्रश्न आहे, आणि तेथेही रिझोल्यूशनला हात लावण्याचे कारण नाही. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमधील ‘स्केल’ची टक्केवारी वाढवावी. फोर-के (३८४० × २१६० पिक्सेलच्या) टीव्हीला विंडोज अनेकदा ३०० टक्के सुचवते, कारण टीव्ही लांबून पाहिला जातो असे गृहीत धरलेले असते. जवळ बसून काम करायचे असल्यास १५० किंवा २०० पुरते. लॅपटॉप व टीव्ही यांवर एकच चित्र दाखवण्याचा पर्याय निवडला असेल तर दोन्हींना एकच रिझोल्यूशन मिळते, आणि बहुधा लॅपटॉपचे माप टीव्हीच्या गळ्यात पडते. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून फक्त दुसरा पडदा किंवा विस्तारित डेस्कटॉप निवडावा.

काही अपवाद मान्य करतो. ‘एचडी रेडी’ म्हणून विकलेल्या अनेक टीव्हींचे पॅनेल प्रत्यक्षात १३६६ × ७६८ चे असते. तेथे १०८० चे चित्र दाटीवाटीनेच बसते, म्हणून टीव्ही स्वीकारत असेल तर १३६६ × ७६८ च पाठवावे. जुन्या लॅपटॉपचे एचडीएमआय १.४ या जुन्या आवृत्तीचे असेल तर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माउस मागे रेंगाळतो; अशा वेळी १०८० वर ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा) ठेवणे शहाणपणाचे. फोर-के टीव्हीवर यादीत ४०९६ × २१६० असेही माप कधी कधी दिसते. ते चित्रपटगृहांचे आहे, टीव्हीचे पॅनेल ३८४० × २१६० चे असते, म्हणून पहिले आपोआप निवडले गेले असल्यास चित्र दबते किंवा बाजूंनी कापले जाते, आणि मग रिमोटमध्ये कितीही शोधले तरी काही सापडणार नाही. तेथे मात्र लॅपटॉपवर जाऊन ३८४० चे मापच निवडावे लागेल.